दुकानात सर्वांत शेवटी जा: इंदूरच्या स्वयंपाकघरात महागाची उपकरणं निवडताना आणि सांभाळताना

सुदामा नगरातल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर नव्यानं करायला घेतलं, तेव्हा मी सगळ्यात आधी शोरूम गाठली. काळ्या काचेचा हॉब (ओट्यात बसवायची गॅसची शेगडी), आवाज न करणारी चिमणी, काळ्या मॅट रंगाचा उंच मानेचा नळ. तिथल्या दिव्यांखाली सगळं इतकं देखणं दिसत होतं की घरी पाणी कसलं येतं, तारा किती जाड आहेत, गॅस सिलिंडरचा की पाइपचा, हे मला सुचलं नाही आणि विकणाऱ्यानंही विचारलं नाही. दोन महिन्यांत त्या काळ्या नळावर पांढरे नकाशे उमटले. सासूबाई म्हणाल्या, "आमचा पितळी नळ चिंचेनं घासला की लखलखायचा. ह्याला काय लावू, सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता ओळखीत कुणी स्वयंपाकघर काढलं की मी एकच क्रम सांगते. आधी पाणी, मग वीज, मग गॅस आणि धूर, मग दुरुस्तीला येणारा माणूस. दुकान त्यानंतर.

पाणी आधी मोजा

इंदूरच्या बहुतेक घरांत दोन पाणी असतात. एक नर्मदेचं, जे १९७८पासून जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून, घाट चढून शहरात येतं, आणि बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं. दुसरं बोअरचं, माळव्याच्या काळ्या पाषाणातून वर आलेलं. खालच्या हौदात ही दोन्ही एकत्र होतात. मे महिन्यात नर्मदा कमी आणि बोअर जास्त. म्हणून पाण्याची तपासणी श्रावणात करून उपयोग नाही. ऐन उन्हाळ्यात, स्वयंपाकघराच्याच नळाचं पाणी घ्या.

टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, पण तो पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो. आपला शत्रू त्यातला चुना, म्हणजे पाण्याचा जडपणा. तो मोजायला थेंबांचं किट येतं; मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातही मिळतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालवून घ्यायचा. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २०००. मिळालेला आकडा कागदावर लिहून पाकिटात ठेवा. डिशवॉशर, नळ, पाण्याचं फिल्टर, तिन्ही ठिकाणी तो लागणार आहे.

फिल्टरचं इथेच संपवते. टीडीएस ५००च्या आत असेल तर आरओ घेऊन पाणी वाया घालवू नका. जंतूंसाठी यूव्ही किंवा यूएफ लागतं, ते वेगळं काम आहे. बोअरचंच पाणी प्यावं लागत असेल तर आरओ घ्या आणि बाहेर टाकलेलं पाणी बादलीत धरून फरशीला वापरा.

पाण्याचा दाबही बघून घ्या. गच्चीवरची टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. वरच्याच मजल्यावर राहणाऱ्यांची टाकी डोक्यावर जेमतेम ३ मीटर, म्हणजे ०.३ बार. बाहेर ओढून फवारा मारायचे जे नळ शोरूममध्ये जोरात उडतात, ते अशा घरात रडतात. डिशवॉशरलाही किमान दाब लागतो, पुस्तिकेत तो लिहिलेला असतो. कमी पडत असेल तर छोटा प्रेशर पंप आधी बसवा.

नळ आणि सिंक

नळ हातात घेऊन बघा. पितळी अंगाचा नळ जड लागतो. हलका लागला की समजा आत जस्ताचं मिश्रण किंवा प्लास्टिक आहे. पाणी उघडबंद करणारं आतलं सिरॅमिक कार्ट्रिज सुटं मिळतं का, हे बिल करण्याआधी विचारा, कारण पाच-सहा वर्षांनी गळायला लागतं ते तेच. तोंडाची जाळी हातानं किंवा नाण्यानं उघडता आली पाहिजे. रंगाचं म्हणाल तर आपल्या पाण्याला क्रोम किंवा ब्रश केलेलं स्टील बरं. काळा मॅट घ्यायचाच असेल तर रोज रात्री तो कोरड्या फडक्यानं पुसणारं माणूस घरात आहे का, ते आधी ठरवा. आमच्याकडे नव्हतं.

दर तीन महिन्यांनी जाळी काढा. पहिल्यांदा काढली तेव्हा माझ्या तळहातावर साबुदाण्याच्या कण्यांसारखे पांढरे खडे पडले, दोन-चार तर जाळीच्या भोकांत असे रुतलेले की टाचणीनं उकरावे लागले. वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घाला (सियागंजात किराण्याच्या दुकानात "टाटरी" म्हणून मागितलं तर टार्टरिक देतील, तेही चालतं), जाळी वीस-पंचवीस मिनिटं बुडवा आणि जुन्या टूथब्रशनं घासा. रात्रभर मात्र बुडवून ठेवू नका, मुलामा उतरतो. तारेची घासणी नळाच्या जवळपासही नको.

सिंक घेताना "३०४ आहे" हे प्रत्येक दुकानदार म्हणतो. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. स्वस्तात २०२ खपवतात, त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त, आणि काही महिन्यांत कोपऱ्याला गंज धरतो. चुंबक लावून हे कळत नाही, कारण २०२लाही चुंबक चिकटत नाही. बिलावर ३०४ लिहून घ्या. चांगल्या दुकानात थेंब टाकून रंग बघायचं द्रावण असतं, ते समोर टाकायला लावा. पत्रा १ मिलिमीटरहून पातळ नको, नाहीतर कुकर ठेवला की ढोल वाजतो.

आमच्या सिंकखालच्या महागड्या तारजाळीच्या ट्रॉल्यांना दीड वर्षात गंज चढला, तेव्हा मी दुकानदाराशी भांडायला निघाले होते. मिस्त्रीनं खालचं दार उघडलं, वास घेतला आणि मागच्या कोपऱ्यातून ॲसिडची बाटली काढली. संडास धुवायचं, पंचवीस रुपयांचं. बूच घट्ट होतं, तरी त्याची वाफ निसटत राहते आणि बंद कपाटात कोंडून स्टीलला खाते. बाटलीजवळची ट्रॉली तपकिरी ठिपक्यांनी भरलेली, दाराजवळची तुलनेनं धड. ॲसिड आणि ब्लीच, दोन्ही स्वयंपाकघराबाहेर ठेवा. सिंकला भांड्यांचा साबण पुरतो. पांढरा थर आला तर लिंबूसत्त्वाचं पाणी.

ओट्यासाठी क्वार्ट्झ घेणाऱ्यांना एवढंच सांगते: त्यात दगडाचा चुरा राळेनं बांधलेला असतो, गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवली की डाग कायमचा. ग्रॅनाइट ते सोसतो. रोज फोडणी होणाऱ्या घरात मी ग्रॅनाइटच घेईन.

वीज

३००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टला सुमारे १३ अँपिअर ओढतो. ओव्हन, डिशवॉशर, इंडक्शन ह्यांना प्रत्येकी स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट हवा आणि प्रत्येकाची तार थेट बोर्डापासून, तांब्याची, ४ चौरस मिलिमीटरची. राजवाड्याच्या मागच्या जुन्या घरांत अजून ॲल्युमिनियमच्या तारा सापडतात. तिथे आधी तारा बदला, मग ओव्हनचं स्वप्न बघा. वीज कुठे गळली की लगेच तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या आणि इलेक्ट्रिशियनला अर्थिंग मोजून दाखवायला सांगा. फेज आणि अर्थ ह्यांत २३०च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ ह्यांत दोन-तीन व्होल्टच्या आत. "तीन पिनांचा सॉकेट आहे ना" हे उत्तर मान्य करू नका.

सॉकेट उपकरणाच्या पाठीमागे नको, शेजारच्या कपाटात हवा. डिशवॉशर मागे पाणी गळायला लागला आणि त्याचा प्लगही मागेच असेल तर तो काढायला तुम्हाला पाण्यात हात घालावा लागतो.

गॅस आणि हॉब

शहराच्या बऱ्याच भागात अवंतिका गॅसची पाइपलाइन आलीय, बाकी ठिकाणी सिलिंडर. हॉबला हा फरक कळतो. सिलिंडरचा गॅस सुमारे ३० मिलिबार दाबानं येतो आणि त्यात उष्णता जास्त, म्हणून जेटचं, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोटीचं, भोक बारीक. पाइपचा २१ मिलिबारनं, भोक मोठं. पाइप येण्याची शक्यता असेल तर त्या मॉडेलचे दोन्ही जेट मिळतात का, हे विचारूनच हॉब घ्या, आणि बदल अधिकृत माणसाकडूनच करवा. सिलिंडर ओट्याखाली बंद कपाटात ठेवत असाल तर दाराला तळाशी भोकं पाडा, कारण तो गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. पाइपचा गॅस हलका, त्याला वाट वरून लागते. सिलिंडरच्या नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षांनी ती बदलायचीच.

हॉब निवडताना बर्नरची संख्या मोजू नका, दोन बर्नरांमधलं अंतर मोजा. चार बर्नरच्या ६० सेंटिमीटर हॉबवर कुकर आणि कढई शेजारी बसत नाहीत, म्हणजे प्रत्यक्षात दोनच चालतात. तीन बर्नरचा रुंद हॉब आमच्यासारख्या घराला सोयीचा: एकीकडे पोळ्या, मध्ये भाजी, तिकडे भुट्ट्याचा कीस, ज्याला मंद आचेवर अर्धा-पाऊण तास सोडून द्यावं लागतं. त्यासाठी छोटा बर्नर खरंच किती मंद होतो, ते दुकानात पेटवून बघा. ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेलाच घ्या. बटण दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागतं, त्याची सवय होते. पुढे कधी हात सोडला की ज्योत विझायला लागली तर बर्नरशेजारची बोटभर सळई साबणपाण्याच्या फडक्यानं पुसा. दहापैकी आठ वेळा तिच्यावर उतू गेलेलं दूधच असतं.

काच टफन्ड असली तरी कडेला लागलेला मार तिला सोसत नाही. तापलेल्या काचेवर ओलं फडकं नको. बर्नरच्या टोप्या पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. ज्योत पिवळी दिसली की भोकं तुंबलीत. सुईनं मोकळी करा, पण जेटच्या भोकात सुई घालू नका, ते मोठं होतं.

चिमणी: इथे सगळे फसतात

पत्रकावर तासाला १२००, १५०० घनमीटर असे आकडे असतात. ३ मीटर लांब, २.५ रुंद, ३ उंच स्वयंपाकघरात हवा २२.५ घनमीटर. ती तासाला दहा-पंधरा वेळा बदलायची म्हटलं तर २२५ ते ३४० पुरे. मग एवढे मोठे आकडे कशाला? एक तर फोडणीचा धूर एका झटक्यात येतो, आणि दुसरं, छापलेली ओढ नळकांड्याशिवायची असते. नळकांडं लांबलं, वळलं, दबलं की ती झपाट्यानं घटते. सरळ, आखूड, सहा इंची नळकांड्याची १००० वाली चिमणी तीन वळणांच्या १५०० वालीपेक्षा चांगलं ओढते. म्हणून चिमणीच्या आधी भिंतीतली जागा ठरवा. सहा इंचांचं भोक शेवटपर्यंत सहा इंचांचंच राहू द्या, बाहेरच्या बाजूला किंचित उतार, तोंडावर पावसाची टोपी. हॉबपासून उंची ६५ ते ७५ सेंटिमीटर, रुंदी हॉबइतकी किंवा जास्त.

आमच्याकडे बसवणाऱ्यानं अकॉर्डियनसारखं ॲल्युमिनियमचं नळकांडं फॉल्स सीलिंगच्या वर दाबून घुसवलं होतं. एका दिवाळीनंतर चिमणी नुसतीच गुरगुरायला लागली. सीलिंगची फळी काढून बघितलं तर नळकांडं चेपून गेलेलं, आणि प्रत्येक घडीत पिवळं तेल काकवीसारखं साचलेलं. बोट लावलं तर तार निघाली. ऑटो क्लीनचं बटण मी दर आठवड्याला इमानानं दाबत होते. ते बटण पंख्याजवळचं तेल तापवून खालच्या वाटीत पाडतं, नळकांड्यापर्यंत पोचत नाही. आता आमचं नळकांडं कडक पीव्हीसीचं, गुळगुळीत आतल्या अंगाचं आहे.

चिमणी फोडणीच्या दोन मिनिटं आधी सुरू करा, नंतर दहा मिनिटं चालू ठेवा. खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं, नाहीतर ती ओढणार काय? डोक्यावरचा पंखा बंद. स्टीलचे बॅफल फिल्टर महिन्यातून एकदा कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवा. ॲल्युमिनियमची जाळी असेल तर सोडा नको, काळी पडते, तिला साबणपाणी. तेलाची वाटी भरायची वाट बघू नका. एकदा आमच्या वाटीतलं सगळं तेल आमटीत उतरलं होतं, आणि सासऱ्यांनी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही, निमूट जेवले.

डिशवॉशर

आधी तुमचं सर्वांत मोठं भांडं मोजा. मी पुरणाचं पातेलं रिक्षात घालून महाराणी रोडवरच्या दुकानात नेलं होतं. विकणारा पोरगा हसला, पण ते खालच्या ट्रेत बसल्यावर फवाऱ्याचा दांडा त्याला अडतोय, हे तिथेच कळलं आणि आम्ही वरची ट्रे उचलता येणारं मॉडेल घेतलं. ७० अंशांचा कार्यक्रम हवाच, तुपाच्या आणि तेलाच्या कढया त्याशिवाय निघत नाहीत.

मग पाकिटातला तो कागद काढा. यंत्रात जडपणा किती, ते आकड्यानं सांगायची सोय असते. बसवायला आलेला माणूस ते कारखान्याच्या आकड्यावरच सोडून जातो. समोर बसून बदलून घ्या. आत राळेचे मणी चुना पकडतात आणि मीठ ते मणी पुन्हा ताजे करतं. ते मीठ म्हणजे डिशवॉशरचं शुद्ध, जाड मीठ. घरातलं आयोडीनचं मीठ घालू नका, ते मोकळं राहावं म्हणून त्यात मिसळलेले पदार्थ मण्यांत अडकतात. मीठ संपलं की पेल्यांवर पांढरी साय येते. लोक त्याला साबणाचा दोष समजून साबण बदलत बसतात.

भांडी धुवून आत ठेवू नका, नुसतं खरवडून ठेवा. काय घालायचं नाही, ते मात्र पाठ करा: लोखंडी तवा, पितळ, तांबं, कल्हईची भांडी, लाकडी पोळपाट-लाटणं, आणि ॲल्युमिनियमचा कुकर, जो पहिल्याच धुण्यात राखाडी होतो. आम्ही कुकर स्टीलचा घेतला. तळाची जाळी आठवड्यातून एकदा नळाखाली धरा. माझ्या जाळीत मोहरी असते, नेहमी मोहरीच. महिन्यातून एकदा रिकामं यंत्र सर्वांत गरम कार्यक्रमावर, आत वाटीभर लिंबूसत्त्व ठेवून चालवा.

फ्रिज, ओव्हन आणि जे घेऊ नये ते

फ्रिजच्या पाटीवर एन, एसटी, टी अशी अक्षरं असतात. एन म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, एसटी ३८पर्यंत, टी ४३पर्यंत. मे महिन्यातलं इंदूर बघता टी घ्या. मागे आणि बाजूंना पुस्तिकेत लिहिलेली मोकळी जागा सोडा. कपाटात चपखल बसवलेला फ्रिज सुंदर दिसतो आणि रात्रभर धापा टाकतो. दाराच्या रबरात दहाची नोट धरून ओढा, सहज निघाली तर रबर सैल.

ओव्हन केकसाठी लहानही चालतो, पण बाफल्यांसाठी, म्हणजे उकडून भाजायच्या कणकेच्या गोळ्यांसाठी, घेत असाल तर आतलं मोजमाप बघा. उकडलेले बाफले एकाला एक लागून ठेवले की कडा पांढऱ्याच राहतात. दाराच्या काचेला ओरखडे पाडणारी घासणी नको.

सिंकमध्ये बसवायचं कचरा दळणारं यंत्र घेऊ नका. दारावर निगमची गाडी रोज येते आणि आपला ओला कचरा देवगुराडियाच्या संयंत्रात जातो. फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झालेलं ते संयंत्र दिवसाला ५५० टन कचऱ्याचा बायो-सीएनजी करण्याच्या क्षमतेचं आहे. तिथे जाऊ शकणारी सालं पाणी ओतून गटारात कशाला ढकलायची?

दुरुस्तीचा माणूस

पैसे देण्याआधी कंपनीच्या सेवाकेंद्राला ग्राहक म्हणून फोन लावा. तीन गोष्टी विचारा. ह्या मॉडेलसाठी माणूस इंदूरचा येतो की भोपाळ-मुंबईहून? पंखा, पंप, कार्ट्रिज हे सुटे भाग इथे असतात की मागवावे लागतात, आणि किती दिवसांत? वॉरंटी पूर्ण यंत्राची की फक्त मोटरची? परदेशी नावाचं देखणं यंत्र एका पंपासाठी सहा आठवडे बंद पडलेलं मी एका मामींकडे बघितलंय. त्या काळात त्यात कोरडी भांडी ठेवत होत्या. बिल, क्रमांकाची पाटी आणि बसवणाऱ्याची सही असलेलं कार्ड, तिन्हींचे फोटो फोनमध्ये काढून ठेवा. थर्मल कागदावरचं बिल दोन वर्षांत कोरं होतं.

कधी काय

ह्याचं वेळापत्रक आम्ही फ्रिजच्या दारावर चिकटवलंय. चिमणीचे बॅफल महिन्याच्या पहिल्या रविवारी, नळाची जाळी दर तीन महिन्यांनी. मार्चच्या शेवटी, उन्हाळा चढण्याआधी, फ्रिजच्या मागची धूळ आणि रबर. मे महिन्यात पाण्याची पुन्हा तपासणी आणि डिशवॉशरचा आकडा. पावसाआधी चिमणीच्या बाहेरच्या टोपीत पाखरानं घरटं केलंय का, ते बघायचं. नवरात्रात, दिवाळीच्या तळणाच्या आधी, नळकांडं एकदा सोडवून. आणि वर्षातून एकदा हॉबखाली हात घालून आपोआप पेटवणाऱ्या बटणाचा सेल काढून बघा. फुगून पाझरला तर त्याची पेटीच खराब होते. लायटर मात्र टाकू नका, ड्रॉवरमध्ये राहू द्या. सेल नेहमी सकाळी सातला, पोह्यांच्या वेळेलाच संपतो.